पारावरचा माणूस : दोन मोटरींच्या नोंदी

२ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली, पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच चालू आहे, आणि संध्याकाळचे तीन तास रिकामे. बाबांना दिलेला शब्द आता पाळायचा : रात्री वावरात न जाता घरूनच मोटर लावता येईल असं काहीतरी करायचं.

आमच्याकडे पाणी दोन जागी. खालच्या वावरात विहीर, तिच्यावर हरभरा आणि थोडा गहू. वरच्या वावरात बोर, तिच्यावर संत्र्याची ३५० झाडं. वरुड तालुक्यात संत्रा आणि खोल बोर हे दोन्ही घरोघरी, त्यात नवल नाही. लाईन आठ तास येते, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बाबा बॅटरी आणि काठी घेऊन निघतात, आणि रानडुकरांची वाट नेमकी आमच्या धुऱ्यावरून.

ऑटो स्विच लावून पाहिला होता. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. पण डीपीवरच्या सगळ्यांनी तेच केलं, की लाईन येताच सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि फ्यूज उडतो. शेजारच्या काकांकडे मोबाइल स्टार्टर आहे. तो फक्त येणाऱ्या कॉलचा नंबर बघतो, आणि नंबर खोटा दाखवता येतो. शिवाय खालच्या वावरात रेंजच नाही, त्यामुळे तो विषय तिथंच संपला.

ठरलं असं : लोरा रेडिओ, म्हणजे थोड्या विजेवर छोटे संदेश लांबवर पोहोचवणारा. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना आहे. घर ते बोर पावणेदोन किलोमीटर, मध्ये आंब्याची झाडं आणि एक चढ. म्हणून अर्ध्या वाटेवरच्या कडुनिंबावर एक रिपीटर, म्हणजे ऐकलेला संदेश पुढं सांगणारा डबा, बसवायचा, सौर पट्टीवर चालणारा.

९ नोव्हेंबर

पहिली आवृत्ती चालली. घरून 'चालू १' पाठवलं की विहीर सुरू, 'चालू २' पाठवलं की बोर. कसली किल्ली नाही, कुलूप नाही. समोरून पावती येत नाही तोवर संदेश जपून ठेवायचा आणि दर दोन मिनिटांनी पुन्हा सांगायचा, एवढं रिपीटरला शिकवलं. बाबा खूश.

१ डिसेंबर

बगीचा ताणावर सोडला. बोरीचा मेन स्विच पाडला. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याअखेरच्या फुलासाठी) आता महिना-दीड महिना झाडांना पाण्याचा थेंब द्यायचा नाही. पानं मलूल झाली, थोडी गळली, की जानेवारीत पाणी सोडून ताण तोडायचा, मग फूल एकदम निघतं. मध्येच पाणी मिळालं तर झाड फुलाचं सोडून नवतीला, म्हणजे नव्या पालवीला लागतं.

काल शेवटचं पाणी द्यायला घरून 'चालू २' पाठवलं होतं. लाईन नव्हती, पावती आली नाही. नंतर लाईन आल्यावर बाबांनीच तिथं जाऊन रेडिओचा बोर्ड वगळून हातानं मोटर लावली. इथं लिहून ठेवतो, बाकी विशेष नाही.

१२ डिसेंबर

विशेष होतं.

काल संध्याकाळी बोर्ड तपासायला वर गेलो, मेन स्विच उचलला, लाईन नाही म्हणून तसाच परत आलो. स्विच पाडायचा विसरलो. रात्री २ वाजून १० मिनिटांनी लाईन आली, बोर्ड जागा झाला, आणि कडुनिंबावरच्या रिपीटरनं अकरा दिवस इमानेइतबारे जपलेलं 'चालू २' त्याच्या कानात सांगितलं. मोटर सुरू. जागलीवरून येताना बाबांना ठिबकच्या नळ्यांचा आवाज आला तेव्हा पावणेपाच झाले होते. एकच व्हॉल्व्ह उघडा होता म्हणून आठ ओळींवर निभावलं.

बाबा ओरडले नाहीत. चहा घेता घेता एवढंच म्हणाले, "पाठवला तूच, पण तवा पाठवला होता. त्याले आता काहून ऐकते ते?"

दिवसभर ते वाक्य डोक्यात आहे. संदेश खरा होता. पाठवणारा खरा होता. मी कुलूप लावलं असतं, तरी त्या संदेशाकडे त्या कुलपाची किल्ली असतीच. चुकलं ते एवढंच, की बोरीनं तो भलत्या वेळी ऐकला.

१३ डिसेंबर

पहिला विचार आला गाडीच्या रिमोटचा. दर संदेशाला चढता क्रमांक द्यायचा, जुना क्रमांक आला तर नाकारायचा. कागदावर करून पाहिलं आणि खोडलं. समजा ३० तारखेचा संदेश ५७ क्रमांकाचा. तो बोरीनं कधी ऐकलाच नाही, म्हणजे अकरा दिवसांनीही तिच्या लेखी ५७ नवाच. क्रमांकातून संदेशाचं वय कळत नाही.

हे नवं नाही. २०१५ मध्ये सॅमी कामकार यानं गाड्यांच्या रिमोटवर नेमकं हेच दाखवलं होतं : मालकानं बटण दाबलं की तो सिग्नल गाडीपर्यंत पोहोचू द्यायचा नाही, स्वतः टिपून ठेवायचा, आणि नंतर वापरायचा. त्यानं त्यासाठी मुद्दाम यंत्र बनवलं. माझ्याकडे तेच काम माझा रिपीटर फुकटात करत होता.

१५ डिसेंबर

कॉलेजात ऑटोमाटा थिअरी, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाणाऱ्या यंत्रांचं गणित, परीक्षेपुरती केली होती. आज कालनिर्णयच्या नोव्हेंबरच्या पानाच्या पाठीमागे तक्ता आखला.

बोरीच्या पाच अवस्था धरल्या : निजलेली, म्हणजे लाईन नाही. बंद. प्रश्न विचारून वाट पाहणारी (प्रश्नाचं पुढं येतंच). चालू. आणि अडकलेली, म्हणजे फेज गेला किंवा मोटर कोरडी चालली. घडू शकणाऱ्या गोष्टी नऊ : लाईन आली, लाईन गेली, हाक आली, खरं उत्तर, खोटं उत्तर, वेळ संपली, बंद कर, फेज गेला, हातबटण. ह्या नऊ गोष्टी म्हणजे या यंत्राची मुळाक्षरं. बोरीच्या आयुष्यात जे काही घडेल तो या अक्षरांचा एक शब्द, आणि कुठल्या शब्दानंतर मोटर चालू असावी हे ठरवणं म्हणजे भाषा ठरवणं. रॅबिन आणि स्कॉट यांनी १९५९ मध्ये मांडलेलं हे साधं मर्यादित अवस्थांचं यंत्र माझ्या मोटरीला पुरून उरतं.

पाच गुणिले नऊ, पंचेचाळीस रकाने. माझ्या पहिल्या कोडमध्ये काय लिहिलं होतं ते भरत गेलो. चौदा भरले. एकतीस कोरे.

पुस्तकात यंत्र पूर्ण असावं म्हणतात, प्रत्येक अवस्थेत प्रत्येक अक्षराला उत्तर हवं. परीक्षेत मी ते रकाने उगाच भरायचे म्हणून भरायचो. इथं मात्र कोरा रकाना म्हणजे 'तेव्हा जे होईल ते होईल'. २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहूफनं वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षेच्या रीतीत जो घोळ काढला तोही अशाच एका रकान्यातला : हातमिळवणीतला तिसरा संदेश पुन्हा आला तर काय? यंत्रं तीच किल्ली पुन्हा बसवून मोजणी पहिल्यापासून सुरू करत. गुप्तलेखन शाबूत होतं, ते कोणी फोडलंच नाही.

रात्री बाबा शेजारी बसले. एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारत गेलो. बहुतेक ठिकाणी "काही करू नये" हेच उत्तर. पण 'अडकलेली' आणि 'खरं उत्तर' या रकान्यावर आम्ही थांबलो. माझं म्हणणं, उत्तर खरं असेल तर मोटर पुन्हा लावायला हरकत काय.

"अन् तिथं कोनी फ्यूज बांधून राह्यला असन तं? अडकली मोटर हातानंच सुटली पायजे. जाग्यावर जाऊन."

म्हणून अडकलेल्या अवस्थेतून बाहेर यायचं एकच दार : हातबटण. बाबांनी पुढचंही सांगून टाकलं. ताण असला की बोर अडकलेलीच ठेवायची. मी ताणासाठी सहावी अवस्था काढणार होतो, ती वाचली.

१९ डिसेंबर

आता शत्रू कोण ते ठरवायचं. आईचा प्रश्न, "आपली मोटर कोन कायले लावन?" खरं आहे, गावात असं कोणी नाही. पण रिपीटर काही वैरी नव्हता, तरी आठ ओळी गेल्याच.

या विषयात डोलेव्ह आणि याओ यांचा १९८३ चा नमुना सगळे वापरतात. त्यांनी गृहीत धरलं, की वाटेवरचं सगळं शत्रूच्या ताब्यात आहे. तो प्रत्येक संदेश ऐकतो, अडवतो, दडवतो, हवा तेव्हा हव्या त्याच्या नावानं पुन्हा सांगतो. फक्त किल्लीशिवाय, म्हणजे गुप्त आकड्याशिवाय, संदेशावर खरेपणाचा शिक्का मारता येत नाही, एवढीच त्याला बंदी. मी त्याचं नाव 'पारावरचा माणूस' ठेवलं. पारावर बसणाऱ्याला गावातलं सगळं ऐकू येतं, आणि तो ते कधी, कोणाला सांगेल याचा नेम नसतो.

याच काळातलं एक काम मला फार आवडलं. डोलेव्ह, इव्हन आणि कार्प यांनी १९८२ मध्ये साध्या, एकमेकांकडे चेंडू टोलवल्यासारख्या प्रोटोकॉलसाठी (संदेशांच्या ठरलेल्या देवाणघेवाणीसाठी) दाखवलं, की शत्रूला गुपित कळू शकतं का हे मर्यादित अवस्थांच्या यंत्रावरून झटपट ठरवता येतं. पण प्रोटोकॉल जरा मोकळे सोडले, फेऱ्यांना आणि माणसांना सीमा ठेवली नाही, की तोच प्रश्न कुठल्याही संगणकानं सर्वांसाठी सोडवण्याच्या पलीकडे जातो. म्हणून मी माझ्या दोन मोटरी आणि तीनच प्रश्न-आकडे (त्यांचं पुढच्या नोंदीत) एवढंच मॉडेल धरतो. त्यापलीकडचं सिद्ध केल्याचा आव नको.

२२ डिसेंबर

नवा प्रोटोकॉल. घर हाक देतं. बोर लगेच सुरू होत नाही, एकदाच वापरायचा आकडा काढून प्रश्न विचारते. घर त्या आकड्यावर किल्लीनं शिक्का मारून उत्तर देतं. शिक्का बरोबर आणि तीस सेकंदांच्या आत आला, तरच मोटर चालू. शिळा संदेश आपोआप बाद, कारण त्यात आजच्या प्रश्नाचं उत्तर नसतं.

पाकीट कायम १८ बाइटचं : एक बाइट प्रकार, एक मोटरीचा क्रमांक, आठ आकड्याचे, आठ शिक्क्याचे. लांबी ठरलेली असली की वाचणारं कोडही चिमुकलं ऑटोमाटा होतं, आणि '५०० बाइट येताहेत' असं खोटं सांगून त्याला कोणी फसवू शकत नाही. शिक्का एईएस-सीमॅक या प्रमाणित रीतीचा, अर्धा कापलेला.

२४ डिसेंबर

हे सगळं स्पिनमध्ये उतरवलं. बेल लॅब्जमध्ये जेरार्ड होल्झमन यांनी बनवलेलं हे प्रोटोकॉल तपासायचं जुनं, फुकट हत्यार. घर, विहीर, बोर आणि पारावरचा माणूस, चौघांची चार यंत्रं लिहायची. स्पिन त्यांचा गुणाकार करून पोहोचता येईल अशी प्रत्येक अवस्था तपासतं. आपण अट द्यायची : बोर चालू झाली, तर त्याआधी याच फेरीत घरानं बोरीलाच हाक दिलेली असली पाहिजे. मग त्या अटीच्या उलट भाषेचं, म्हणजे अट मोडणाऱ्या शब्दांचं यंत्र करून दोन्हींचा छेद (दोन्हींत असलेले शब्द) काढायचा. छेद रिकामा निघाला तर अट पाळली जाते. नाहीतर छेदात सापडलेला शब्द हाच हल्ला, अक्षराअक्षरानं लिहून हातात.

मला खात्री होती रिकामा येईल. आठ पायऱ्यांचा शब्द आला. कागदावर उतरवला तो असा :

घर विहिरीला हाक देतं (हरभऱ्याला पाणी द्यायचंय). विहीर प्रश्न पाठवते, पारावरचा तो दडवतो. पारावरचा घराच्या नावानं बोरीला हाक देतो, हाकेला शिक्का नाहीच. बोर आपला प्रश्न पाठवते. पारावरचा तोच प्रश्न विहिरीचा म्हणून घराच्या हाती देतो. घर इमानदारीनं शिक्का मारतं. पारावरचा ते उत्तर बोरीकडे नेतो. बोर चालू.

म्हणजे न मागता बगीच्यात पाणी, आणि घराच्या पाटीवर (बोर्डाच्या पडद्यावर) 'विहीर'. दोन्ही मोटरींना किल्ली एकच, आणि मोटरीचा क्रमांक पाकिटावर होता पण शिक्क्याच्या आत नव्हता.

हे बघून हसू आलं, कारण हे दुखणं प्रसिद्ध आहे. नीडहॅम आणि श्रोडर यांचा १९७८ चा प्रोटोकॉल सतरा वर्षं बरोबर समजला जात होता. १९९५ मध्ये गॅव्हिन लो यांनी असाच मधल्या माणसाचा हल्ला दाखवला, आणि पुढच्या वर्षी यंत्राकडूनच तो शोधून घेतला. दुरुस्ती काय, तर दुसऱ्या संदेशात उत्तर देणाऱ्याचं नाव घालायचं. एक नाव.

मीही तेच केलं. प्रकार, क्रमांक आणि आकडा, तिन्ही शिक्क्याच्या आत. पुन्हा चालवलं. छेद रिकामा.

२८ डिसेंबर

बोर्डातला एक बारकावा जवळजवळ सुटला होता. त्यावरच्या ईएसपी३२ चिपची यादृच्छिक (अंदाज न येणारे) आकडे काढायची सोय खरी यादृच्छिक असते ती वायफाय किंवा ब्लूटूथ चालू असताना. मी तर दोन्ही बंद ठेवलेत, लागत नाहीत म्हणून. अशा वेळी येणाऱ्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये, असं बनवणाऱ्यांच्याच कागदात लिहिलंय. माझी लाईन दिवसातून चार वेळा जाते, म्हणजे बोर्ड चार वेळा नव्यानं जन्मतो. दर जन्मी तोच प्रश्न विचारला तर जुनं उत्तर चालेल, आणि डिसेंबरची रात्र पुन्हा येईल.

दोनशे वेळा चालू-बंद केलं. पहिला आकडा एकदाही सारखा आला नाही. तरी सुरू होतानाच चिपमधला अंतर्गत गोंगाटाचा स्रोत चालू करून मगच आकडा घ्यायचा, असं बदललं. स्पिनला यातलं काहीच दिसलं नसतं, त्याच्यासाठी आकडा नेहमी नवाच असतो.

२ जानेवारी

दुसरी अट : घरानं 'बंद कर' म्हटलं की मोटर कधी ना कधी बंद झालीच पाहिजे. स्पिन म्हणे, होत नाही. पारावरचा माणूस प्रत्येक 'बंद कर' दडवत बसला की झालं. हा शब्द अनंत लांबीचा, अशा शब्दांसाठी ब्यूखीची यंत्रं १९६२ पासून आहेत, आणि १९८६ मध्ये वार्डी आणि वॉल्पर यांनी ती प्रोटोकॉल तपासायला जुंपली. पण सिद्धांत कितीही चांगला असो, दडवलेला संदेश पोहोचत नाही.

मार्ग उलटा काढला. मोटरीला मुदत दिली : पंधरा मिनिटं. मुदत संपण्याआधी नवा प्रश्न, नवं उत्तर. नाही मिळालं तर आपणहून बंद. आठ तासांच्या पाळीत बत्तीस वेळा हजेरी लागते, घरचा बोर्ड ते झोपमोड न करता करतो.

बाबांचा आक्षेप होता, 'बंद कर'ला शिक्का कशाला, बंद करण्यात काय धोका. मग स्वतःच म्हणाले, रात्रीच्या पाळीत कोणी नुसतं बंद-बंद करत राहिलं तर आठ तास वाया जातील. शिक्का राहिला.

७ जानेवारी

कागदावरचं यंत्र बरोबर आहे. बोर्डात तेच आहे का?

डेना अँग्लुइन यांची १९८७ ची रीत वापरली. डबा बंद ठेवायचा, अक्षरं आत टाकायची, काय बाहेर येतं ते बघत बघत आतल्या यंत्राचा नकाशा काढायचा. २०१५ मध्ये दे रॉयटर आणि पोल यांनी असंच करून टीएलएस या इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या प्रोटोकॉलच्या प्रचलित अंमलबजावण्यांमध्ये चुका शोधल्या. रेडिओनं फार वेळ लागला असता म्हणून यूएसबीच्या वायरवरूनच अक्षरं घातली. 'झाला का नकाशा बरोबर' असं डब्याला विचारता येत नाही, त्याऐवजी लांबलांब अंदाधुंद शब्द टाकून बघितले. रात्रभर चाललं.

सकाळी नकाशा आला. पाच नाही, सहा अवस्था.

सहावी होती 'बंद, पण मागचा प्रश्न अजून लक्षात'. शब्द : हाक, वेळ संपली, खरं उत्तर. आणि मोटर चालू! वेळ संपल्यावर मी अवस्थेचं नाव बदललं, पण आकडा पुसला नाही. आणि उत्तर तपासणारं फंक्शन अवस्था बघतच नव्हतं, नुसता आकडा जुळवत होतं. म्हणजे रिपीटरनं एखादं उत्तर तासभर जपलं असतं तर ते चाललं असतं. ज्या चुकीसाठी हा सगळा खटाटोप, तीच चूक चार ओळींच्या कोडात परत.

२०१८ मध्ये लिबएसएसएच या, दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणीसाठीच्या तयार कोडमध्ये असंच निघालं होतं. 'ओळख पटली' हा सर्व्हरनं म्हणायचा संदेश ग्राहकानंच पाठवला तरी सर्व्हर मान डोलावून आत घेत होता. तेव्हा मी हसलो होतो.

आता कोडात तक्ताच ठेवलाय, पंचेचाळीस रकान्यांचा. आधी रकाना बघायचा, मग बाकीचं. परत रात्रभर नकाशा काढला. पाच अवस्था.

१४ जानेवारी

संक्रांत. आज ताण तोडायचा. लाईन रात्री साडेनऊची. तिळगूळ खाऊन मी घरच्या बोर्डासमोर बसलो, बाबा बाजेवर. हाक दिली. प्रश्न आलाच नाही. पाटीवर : 'अडकलेली'.

अर्थात. ताणासाठी आम्हीच अडकवून ठेवली होती, आणि सोडवायचं दार एकच.

बाबांनी चपला घातल्या, काठी घेतली, बॅटरी घेतली. मी पण निघालो. धुऱ्यावरून जाताना म्हणाले, "एवढं सारं करून पायीच चाललो आपन." बोरीवर पोहोचून हातबटण त्यांनी दाबलं, आणि मला म्हणाले, आता घरून लाव, मी इथं उभा हाय. मी पावणेदोन किलोमीटर परत आलो. हाक, प्रश्न, उत्तर. फोनला रेंज नव्हती, पण कडुनिंबाच्या बाजूनं बॅटरी तीनदा चमकली.

४ फेब्रुवारी

बगीच्यात कळी दिसायला लागली. डिसेंबरात पाणी गेलेल्या आठ ओळींवर हिरवी लुसलुशीत नवती आहे, कळी नावापुरती. बाबांनी त्या ओळींच्या टोकाच्या झाडांना सुतळी बांधून ठेवली आहे, मृग बहाराला (पावसाळ्यातल्या फुलाला) त्यांचं वेगळं बघायचं म्हणून. रिपीटरचं जपून ठेवणं मी तीस सेकंदांवर आणलंय.